तिला ‘टाइमपास’ म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या मागच्या रविवारच्या पुरवणीत पुस्तकांच्या कॉलममध्ये एक वाक्य होतं की विनोदी प्रेमकथा म्हणजे ट्रेनमध्ये वाचायच्या आणि स्टेशन आलं की सीटवर सोडून उतरायचं, टाइमपास नुसता, त्यांच्यावर चर्चा ती काय करायची. ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. त्याच दिवशी लिहिणार होते पण म्हटलं आधी राग निवू दे, म्हणून आठ दिवसांनी लिहितेय, आणि राग काही पूर्ण निवलेला नाहीये.

मी ६१ वर्षांची, बँकेतून रिटायर झालेली, माहेर-सासर दोन्ही बडोद्याचं, घरात मराठी आणि उंबरठा ओलांडला की गुजराती. आमचा दांडिया बाजारात एक वाचनाचा ग्रुप आहे, नऊ-दहा बायका आणि दोन काका, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी कोणाच्यातरी घरी जमायचं, एकच पुस्तक सगळ्यांनी वाचून यायचं, मग लीलो चेवडो आणि चहा आणि बोलणं. आजवर जड-जड पुस्तकं पण खूप वाचली. आणि मी अगदी खरं सांगते, ज्या दिवशी सगळ्यात जास्त भांडण झालं, एक जण उठून गॅलरीत जाऊन उभी राहिली, दोघींच्या डोळ्यात पाणी आलं, आणि आठचे साडेदहा वाजले तरी कोणी चपला घालेना, तो दिवस एका विनोदी प्रेमकथेचा होता.

पुस्तक म्हणजे ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’. हेलन फील्डिंग या बाईंनी लिहिलेलं, १९९६ चं. त्याच्या आधी १९९५ पासून ते लंडनच्या ‘इंडिपेंडंट’ पेपरात कॉलम म्हणून यायचं, म्हणजे बघा, पेपरातूनच जन्मलेलं पुस्तक आहे ते. २००१ मध्ये सिनेमा आला तो बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो, पुस्तक कमी जणांनी वाचलेलं असतं. आमच्यातल्या एकीच्या सुनेनं सुचवलं. अर्ध्या जणींनी इंग्रजीतच वाचलं, ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांच्यासाठी सून दोन शनिवार आधीपासून झोपाळ्यावर बसून पान-पान मराठीत करून सांगत होती, आणि त्या घरातल्या ८४ वर्षांच्या आजी शेजारी वाती वळत ऐकत होत्या.

गोष्ट थोडक्यात सांगते कारण माझा मुद्दा त्यावरच आहे. तिशी ओलांडलेली, लग्न न झालेली, लंडनमध्ये एकटी राहणारी मुलगी, वर्षभर डायरी लिहिते. रोजच्या पानाच्या वर आधी आजचं वजन, दारू किती घेतली, सिगरेटी किती ओढल्या, कॅलरी किती, आणि मग दिवसभरात काय झालं ते. ऑफिसमधला बॉस गोड बोलून फिरवतो, आई एका वकिलाशी जमवायच्या मागे लागलेली असते, तो वकील आधी खडूस वाटतो. नाव त्याचं डार्सी. म्हणजे जेन ऑस्टिनची जी १८१३ ची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही गोष्ट आहे, तिच्यातल्या नायकाचंही नाव डार्सीच, तिच्यावरच मुद्दाम बेतलेलं आहे, लपवलेलं नाही, उलट ब्रिजेट आणि तिच्या मैत्रिणी त्याच गोष्टीची टीव्हीवरची सीरियल बघायला जीव टाकतात.

पहिल्याच प्रकरणात नव्या वर्षाच्या दिवशी आईच्या ओळखीच्यांकडे जेवण असतं, टर्कीची करी वगैरे, आणि तिथे हिला त्या वकिलासमोर नेऊन उभं करतात. सून हे वाचून दाखवत होती आणि आजी वाती वळायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘अगो हे तर कांदेपोहेच!’ सगळ्या जणी हसल्या पण नंतर एकेक जण बोलायला लागली ना, आपापल्या कांदेपोह्यांचं, कोणाला चालून दाखवायला सांगितलं होतं, कोणाला रावपुऱ्यातल्या घरी गाणं म्हणायला लावलं होतं आणि नंतर नकार कळवायचं सौजन्य पण दाखवलं नाही, कोणाच्या धाकट्या बहिणीलाच मागणी आली होती. पन्नास वर्षांपूर्वीच्या गोष्टी, सुना ऐकत होत्या आणि त्यांना हे काहीच माहीत नव्हतं. गंभीर कादंबरीवर आम्ही बोलतो तेव्हा लेखकाबद्दल बोलतो. त्या दिवशी आम्ही आमच्याबद्दल बोललो.

आता त्या जेवणातला एक प्रसंग, तो तर तुमच्या कॉलमवाल्यांनी जरूर वाचावा. डार्सी हिला विचारतो की सध्या काय वाचतेयस. ती वाचत असते स्त्री-पुरुष स्वभावावरचं एक लोकप्रिय साधं पुस्तक, पण सांगते एका गाजलेल्या स्त्रीवादी पुस्तकाचं नाव, जड आणि भारदस्त. तर नेमकं ते त्यानं वाचलेलं निघतं आणि तो त्यावर मत विचारतो, आणि ही अडकते.

हे वाचून आमच्यात एक वहिनी आहेत त्या एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ब्रिजेटचं हे पुस्तक मी वीस वर्षांपूर्वीच वाचलंय, पेपरचं कव्हर घालून, सासरे विचारतील म्हणून. इतकी वर्षं आमच्या ग्रुपमध्ये आहेत आणि कधी बोलल्या नव्हत्या. मग मी पण सांगितलं की बँकेत असताना जेवणाच्या सुट्टीत मी असली पुस्तकं ड्रॉवरमध्ये लेजरच्या खाली ठेवून वाचायची, कोणी आलं की वर लेजर. का लपवत होतो आम्ही? चोरी तर करत नव्हतो. कोणीतरी कधीतरी म्हटलेलं असतं ना की हे टाइमपास आहे, शिकलेल्या बाईनं हे वाचायचं नसतं, ते डोक्यात बसलेलं असतं. संपादक साहेब, तुमच्या पेपरात ते वाक्य छापून आलं की आणखी पाच-पन्नास जणी पुस्तकाला कव्हर घालतात, एवढंच होतं त्यानं.

बरं आमची सगळ्यांची मतं चांगलीच होती असं अजिबात नाही, म्हणून तर लिहितेय. सगळ्यात मोठं भांडण वजनावरून झालं. आमच्यात एक डॉक्टर मुलगी आहे, तिशीच्या आतली, ती तावातावानं म्हणाली, तुम्ही हसताय काय, ही ब्रिजेट पहिल्या दिवशी स्वतःचं वजन नऊ स्टोन तीन पौंड लिहिते, म्हणजे साधारण ५८ किलो, ही काय जाडी आहे का? ५८ किलोची बाई वर्षभर रोज काट्यावर उभी राहून स्वतःला शिव्या घालते, ह्यात विनोद कसला, माझ्याकडे सोळा-सतरा वर्षांच्या मुली येतात ज्या हेच करतात आणि मग पाळी बंद होते, केस गळतात, आणि आई म्हणते डाएट करतेय हो ती. असं म्हणून ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. तिचं चुकीचं नव्हतंच. कोणाला काय बोलावं कळेना.

मग ज्यांनी पूर्ण वाचलं होतं त्यांच्यातल्या एकीनं एप्रिलमधलं पान काढलं. ब्रिजेटला इतक्या वर्षांनी शेवटी पाहिजे ते वजन मिळतं, आठ स्टोन सात, म्हणजे ५४ किलो. खुशीत पार्टीला जाते, तर लोक विचारतात थकलीस का, आणि जिवलग मित्र सांगतो की आधीच छान दिसत होतीस गं. सून ते वाचत होती आणि खोलीत आवाज नाही. माझी जाऊ, जी कधी फार बोलत नाही, ती म्हणाली, मुलाच्या लग्नाच्या आधी मी अकरा किलो कमी केले, रोज सकाळी कमाटी बागेत चार चकरा, रात्री फक्त मुगाचं पाणी, आणि मांडवात जी भेटेल ती विचारतेय, बरं नाही का गं तुला, आजारी होतीस का. म्हणाली त्या दिवसाचे फोटो मी आजपर्यंत नीट बघितले नाहीत. हे ऐकलं आणि गॅलरीतली डॉक्टर आत आली, तिच्या शेजारी जाऊन बसली.

आणि वर्षाच्या शेवटी ब्रिजेट सगळा हिशेब मांडते, त्यात वर्षभरात कमी केलेलं वजन ७२ पौंड आणि वाढलेलं ७४ पौंड! मी बँकेत इतकी वर्षं डेबिट-क्रेडिट केलंय, मला तर हा आकडा वाचून हसू आवरेना, कारण एका ओळीत लेखिकेनं सांगितलं की हे अख्ख्या वर्षाचं खातं शेवटी दोन पौंडाच्या फरकावर येतं, एवढ्यासाठी ही बाई ३६५ दिवस रडली. माझं मत असं झालं की इथे हसू त्या काट्यावर आहे, बाईवर नाही. तिच्या अंगावर लेखिका एकदाही हसलेली नाही. पण डॉक्टर म्हणाली की सोळा वर्षांची मुलगी शेवटच्या पानापर्यंत पोचेल कशावरून, ती पहिल्या पानावरचे आकडेच पाठ करेल, आणि हे मला मान्य करावं लागलं. अजून पण मी त्यावर विचार करतेय. जे पुस्तक महिनाभर डोक्यातून जात नाही त्याला टाइमपास म्हणायचं तर मग मला त्या शब्दाचा अर्थच कळत नाही.

आणखी एक गंमत झाली, शब्दांची. ब्रिजेटची मैत्रीण सांगते की आम्हाला ‘स्पिन्स्टर’ म्हणायचं नाही, आम्ही ‘सिंगलटन’. सुनेला ह्याला मराठी शब्द सापडेना. आम्ही सगळ्या मिळून शोधायला बसलो. पुरुषासाठी आपल्याकडे किती ऐटदार शब्द आहे, सडाफटिंग! म्हणताना पण मोकळं वाटतं. आणि बाईसाठी? घोडनवरी, बिनलग्नाची, तिचं राहिलं, तिचं जमलं नाही. सगळ्यात काहीतरी कमीच पडलेलं. एक काका म्हणाले सडीफटिंग म्हणा की, तर आजी म्हणाल्या तसं म्हटलं तर लोक वेगळा अर्थ काढतील, आणि खरं होतं ते. शेवटी शब्द सापडलाच नाही, सुनेनं इंग्रजीच ठेवला. आमच्यात एक ताई आहेत, शाळेत शिकवायच्या, लग्न केलं नाही त्यांनी, त्या एवढा वेळ ऐकत होत्या. म्हणाल्या, मला आयुष्यभर लोकांनी ‘तुमचं का राहिलं’ विचारलं, माझं काहीच राहिलेलं नाहीये, मी पुरेपूर जगलेय, पण हे सांगायला मराठीत मला एक शब्द द्या ना कोणीतरी. हे त्यांनी अगदी साधेपणानं म्हटलं. मला वाटतं हे वाक्य ऐकायला मिळालं म्हणून पण त्या पुस्तकाचे उपकार आहेत आमच्यावर.

शेवटावरून दोन तट पडले ते सांगायलाच हवं. ब्रिजेटची आई एका पोर्तुगीज माणसाबरोबर निघून जाते, तो ठग निघतो, लोकांचे पैसे घेऊन पळतो, आणि मग डार्सी सगळं निस्तरतो आणि दोघांचं जमतं. तरुण मुलींना हे पटलं नाही, म्हणाल्या सगळं पुस्तकभर ही स्वतःच्या पायावर उभी राहायचं बघतेय आणि शेवटी परत वकील येऊन सोडवतो, मग काय उपयोग. आमच्या वयाच्या बायकांना मात्र पटलं. मला स्वतःला अर्धं पटलं. प्रेमकथेचा शेवट गोड व्हावा हा वाचकाचा हक्कच आहे, ते ठरूनच आपण पुस्तक उघडतो, पण डार्सी तिच्यावर प्रेम करायला कधी लागला ते आपल्याला नीट दिसत नाही, डायरी तिची आहे ना, त्याच्या मनातलं कळणार कसं. तिथे लेखिका थोडी घाईत आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पण तिनं जेवायला बोलावलं होतं, सुपात घातलेल्या निळ्या दोऱ्यानं सूप निळंशार झालं, आणि तरी हा माणूस पळून गेला नाही, मदतीला उभा राहिला, तिथे मला तो आवडला. ज्याच्यासमोर फजिती झाली तरी चालते त्याच्याशीच संसार होतो, हे मी ३६ वर्षांच्या अनुभवानं सांगतेय.

आता माझं गाऱ्हाणं. हे सगळं बडोद्यात व्हावं आणि बडोद्यातल्या वाचकांना कोणी सांगावं की विनोद म्हणजे हलकं, ह्याचं मला फार लागलं. अहो चि. वि. जोशी इथले! जन्म पुण्याचा पण आयुष्य इथे गेलं, बडोदा कॉलेजात पाली शिकवायचे, जातककथा आणि बौद्ध वाङ्मयाचे एवढे मोठे अभ्यासक, आणि त्याच हातानं चिमणराव लिहिला. घरातला साधा माणूस, बायको, पोरं, गुंड्याभाऊ, रोजच्या फजित्या. पाली शिकवताना ते मोठे आणि चिमणराव लिहिताना छोटे असं होत होतं का? माझे वडील सांगायचे की आमच्याकडे चिमणराव मोठ्यानं वाचायची पद्धत होती, जेवणं झाली की, आणि आजोबा हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायचे.

आणि प्रेम आणि विनोद एकत्र हे काय इंग्रजांकडून आलंय का आपल्याकडे? देवलांचं ‘संशयकल्लोळ’ १९१६ चं. एका तसबिरीवरून नवरा बायकोवर संशय घेतो, बायको नवऱ्यावर, आणि त्यात अश्विनशेठ आणि रेवती यांचं प्रेम अडकतं. शंभर वर्षांच्या वर झाली, अजून प्रयोग होतात. नाटकाला आपण तिकीट काढून, साडी नेसून, गजरा माळून जातो आणि बाहेर येऊन वा वा म्हणतो. तेच पुस्तकात आलं की सीटवर सोडून द्यायचं?

२०१८ च्या फेब्रुवारीत ९१ वं साहित्य संमेलन आपल्या बडोद्यात भरलं तेव्हा मी पुस्तकांच्या स्टॉलवर खूप हिंडले. प्रत्येक ठिकाणी एकच विचारत होते, आजच्या काळातली, तिशी-चाळिशीतल्या माणसांची, हसवणारी प्रेमाची कादंबरी आहे का मराठीत. विनोदी म्हटलं की लेखसंग्रह पुढे करायचे, प्रेमकथा म्हटलं की रडवणारी, कोणीतरी मरतंच शेवटी. दोन्ही एकत्र मागितलं की स्टॉलवरचा मुलगा गोंधळायचा. नंतर आमच्या भागातल्या एका वाचनालयात मागणी-वहीत लिहून पण आले, तर तिथल्यांनी सांगितलं असलं आम्ही घेत नाही, वाचक येत नाहीत त्याला. मी समोर उभी होते ना!

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन साहेबांना बोलावून इथे ग्रंथालयांचं काम उभं केलं, मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतली ती काचेची जमीन आणि लोखंडी कपाटं मी शाळेत असताना पहिल्यांदा बघितली तेव्हा पाय टाकायला भीती वाटली होती. पेट्या भरभरून पुस्तकं खेड्यापाड्यात फिरत होती त्यांच्या काळात. लोकांनी वाचावं एवढंच त्यांना हवं होतं, आणि माणूस वाचायला लागतो तो आवडीनं लागतो. माझ्या जावेनं हे पुस्तक अठरा दिवसात संपवलं, इंग्रजीत, डिक्शनरी शेजारी ठेवून, जिनं बारावीनंतर इंग्रजीचं एक पान वाचलं नव्हतं.

म्हणून विनंती आहे ती एवढीच. तुमच्या पुस्तकांच्या कॉलममध्ये ह्या पुस्तकांना पण नीट जागा द्या, दोन ओळीत उडवू नका. चांगलं असेल तर का चांगलं ते लिहा, वाईट असेल तर झोडपा, हवं तेवढं झोडपा, पण वाचून झोडपा, हसू कोणावर आहे ते बघा, नायक-नायिका दोघं बरोबरीनं फजित होतात का एकटी तीच होते ते बघा, गोष्ट पुढे जाते का नुसते चुटके जोडलेत ते बघा. ह्या कसोट्या काय सोप्या आहेत का. आणि कोणी नवीन लिहिणारी मुलगी हे पत्र वाचत असेल तर तिला सांगायचंय की आम्हाला आमच्या इथली गोष्ट पाहिजे, पत्रिका, गुण, मॅट्रिमोनीच्या साइटवरचे फोटो, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुकून गेलेला मेसेज, आणि दोन भाषांमध्ये राग-लोभ करणारी बडोद्याची माणसं. आमच्या शेजारच्या गुजराती बेनला मी हे सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या ‘आमां शुं मोटी वात छे, लखो ने तमे ज’, म्हणजे तुम्हीच लिहा की. मला नाही जमणार, लिहिणं वेगळी कला आहे. वाचणं मला जमतं.

त्या रात्री साडेदहाला सगळ्या उठल्या तेव्हा आजींनी सुनेला थांबवलं आणि विचारलं, त्या मुलीचं पुढे काय झालं, टिकलं का त्यांचं? सून म्हणाली ह्याचा दुसरा भाग आहे, १९९९ मध्ये आलेला. आजी म्हणाल्या मग येत्या शनिवारपासून सुरू कर, आणि जरा मोठ्यानं वाच. तर आता आमचा दुसरा भाग चालू आहे. तुमच्या कॉलमवाल्यांना वेळ असेल तर त्यांनी जरूर यावं, दांडिया बाजारात, शनिवारी संध्याकाळी, चेवडा आम्ही देऊ.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक वाचक,
दांडिया बाजार, बडोदे